राजी आणि खुशी

"गहिनीनाथ, तुम्ही जरा बाहेर बसा," असं शमशेर वकील म्हणाले, तेही इतक्या साध्या आवाजात, की जणू कुणाला पंखा बारीक करायला सांगावं. म्हणूनच गहिनीनाथ उठला. टोपी उचलली, उंबरा ओलांडला, पडवीतल्या लांब बाकावर येऊन बसला, आणि मागं दार लोटल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की आपल्याला बाहेर काढलं. आपल्याला. ज्यानं सकाळच्या कामावर खाडा केला, ज्यानं काल आईला कर्जतच्या गाडीतून हात धरून उतरवून घेतलं, ज्यानं कागद लिहवून आणला, ज्यानं नगरच्या झेंडीगेटाजवळची ही बोळ चार जणांना विचारून शोधली, त्याला. आणि जिला वय विचारलं तर 'मानमोडीच्या साथीत मी शेरडं राखीत हुते' एवढंच सांगता येतं, ती आत, खुर्चीवर, पाय वर घेऊन. नागापूरच्या कारखान्यात तो लेथवर होता. नवीन होता तेव्हा एकदा साहेबानं त्याला मशिनीवरून बाजूला केलं होतं, खांद्याला नुसतं बोट लावून. तेव्हा हाताला काम नव्हतं आणि हात मात्र कामाच्याच आकारात वाकलेले राहिले होते. आत्ता बाकावर त्यानं खाली बघितलं तर हात तसेच.

झालं होतं ते एवढंच. वकील कागद वाचून दाखवत होते, आणि वाचणंही कसं, तर पहिलीच्या पोराला धडा वाचून दाखवावा तसं, शब्दागणिक थांबत. लिहून देणार भागूबाई, लिहून घेणार गहिनीनाथ, कारणे बक्षीसपत्र. गावाच्या खालच्या अंगाची चार एकर, विहिरीसकट, आणि घर. सगळं भागूबाईच्या बापानं तिच्या नावावर केलेलं, कारण त्याला मुलगा नव्हता. चतुःसीमा झाल्या. पूर्वेस ओढा झाला. आणि मग ते शेवटाला आले, 'सदर बक्षीसपत्र मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने', आणि आईनं हात वर केला. एसटी थांबवायला करतात तसा. म्हणाली, "राजी लिवा. खुशी लिवू नका."

वकिलांचं बोट त्या शब्दावरच राहिलं. का, असं त्यांनी विचारलं.

"राजी मी हाय. ल्योक म्हनला, मी व्हय म्हनले. पन खुशी न्हाई. ती न्हाई तर ती कशाला लिवायची? येगळे शब्द हायेत ते दोन."

गहिनीनाथ हसला होता. अडाणी माणूस आहे साहेब, मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं हसू. वकिलांनी मात्र चष्मा काढला, आईकडं बघितलं, मग ते त्याला बाहेर बसायला म्हणाले. आता त्याला ठाऊक होतं हे खूळ कुठून आलं. हे हिरानं घातलं. त्याची पोरगी, नववीतली, वर्गात व्याकरणात पहिली आल्यापासून घरातला एकही जोडशब्द तिनं जोडलेला ठेवला नव्हता. मीठभाकर म्हणा, ती म्हणणार मीठ आणि भाकर. केरकचरा म्हणा, तिथं मात्र तिचं अडायचं आणि ती तेवढ्यावरून बाईंशी भांडून यायची. सकाळी वेणी घालून घेताना तिनं आजीला तो कागद वाचून दाखवला होता, ऐटीत, एक हात कमरेवर ठेवून. आजीनं विचारलं असणार, राजीखुशी म्हंजी गं काय? आणि कार्टीनं सांगितलं असणार, द्वंद्व समास, आजी. विग्रह, राजी आणि खुशी. दोन्ही शब्दांना सारखाच मान. चुलीपुढं बसलेली रतन, त्याची बायको, तेव्हा म्हणालीसुद्धा, की एवढं फोडून सांगू नकोस, कागद आहे तो, शेंगा नाहीत. कुणी ऐकलं नाही. कुणीही म्हणजे तो स्वतःसुद्धा, कारण तो तेव्हा दाढी करत होता आणि आरशात बघून मनाशी म्हणत होता, की आज एकदाचं मिटलं.

पडवीला जुन्या पुस्तकांचा आणि कोंबडीच्या खुराड्याचा मिळून एक वास होता. गहिनीनाथाला तो जाणवला नाही आधी, आता जाणवला. वकिलांचं ऑफिस म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. आतून बोलण्याची नुसती गुणगुण येत होती, वकिलांची जाड, आईची बारीक, आणि आईचीच जास्त. आई इतकं बोलते? त्याच्याकडं येते तेव्हा दिवसभर दारात बसून असते. रतन विचारते, चहा घेता का, तर 'दे'. भात वाढू का, तर 'वाढ'. मोतीबिंदू काढायला तिला आणलं होतं तेव्हा ती बारा दिवस राहिली. तेराव्या दिवशी सकाळी बघतात तर गाठोडं बांधून, हिरवी पट्टी डोळ्याला तशीच, पायरीवर. कुठं निघालीस म्हटल्यावर म्हणाली, कडू एकटी हाय. त्याला तेव्हा राग आला होता. डोळा आपण बरा करून आणला, आणि त्या डोळ्यानं हिला बघायचं कुणाला, तर बहिणीला, कडूबाईला. पण हा राग त्यानं कधी बोलून दाखवला नाही, आणि न दाखवलेल्या रागाचा माणसाला जो एक अभिमान असतो, तो त्याला होता.

हाजराबी, वकिलांच्या घरच्या, आतल्या दारानं चहा घेऊन आल्या. कपबशी बाकावर ठेवली आणि जायच्या ऐवजी दाराला टेकून उभ्याच राहिल्या. बसा आरामात, म्हणाल्या, हे काही लवकर सोडत नाहीत. ज्यांना आत ठेवलं त्यांचा चहा संपतो, ज्यांना बाहेर बसवलं त्यांचा कधी संपत नाही, तीस वर्षं कपबश्या धुतेय मी, मला माहितीय. गहिनीनाथानं घाईनं एक घोट घेतला. तोंड भाजलं. त्यानं विचारलं, सगळ्यांनाच बाहेर काढतात का साहेब? सगळ्यांना, त्या म्हणाल्या. मुलगा आणू दे, सून आणू दे, जावई असला तर आधी जावई. जो गाडीभाडं घालून म्हाताऱ्याला घेऊन येतो, त्याला वाटतं वकील आपला. यांचं म्हणणं, वकील त्याचा, ज्याचा अंगठा. कोर्टातले लोक यांना चिडवतात, म्हाताऱ्यांचा वकील म्हणून. पूर्वी खुनाचे खटले चालवायचे, तेव्हा घरी लवकर यायचे.

बाबाजाननं सांगितलं होतं खरं. बाबाजान त्याच्या शेजारच्या मशिनीवर. शमशेर चाचांकडं जा, म्हणाला होता, म्हाताऱ्या माणसांचे कागद तेच नीट करतात, मागं कुणी मोडू शकत नाही. पण काम लवकर होत नाही हां. गहिनीनाथानं 'मोडू शकत नाही' एवढं ऐकलं आणि 'पण'च्या पुढचं मशिनीच्या आवाजात जाऊ दिलं. मोडू नये, हेच त्याला पाहिजे होतं. पुढं वाद नको. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या आसारामलाही तो हेच म्हणाला होता, मला पुढं वाद नको. आसारामनं कागद लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं होतं, बक्षीसपत्र करायचं का मृत्युपत्र? मृत्युपत्र हा शब्द ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. जित्या आईचं मृत्युपत्र कुणी करतं का? बक्षीसपत्र बरं. शब्द चांगला आहे, शाळेतल्यासारखा. आसारामनं पुढं विचारलं, आणखी वारस? आणि गहिनीनाथ म्हणाला होता, एक बहीण आहे, पण तिचं काही म्हणणं नाही.

आता बाकावर त्याला हे वाक्य पुन्हा ऐकू आलं, स्वतःच्याच आवाजात, आणि ते किती पटकन, किती गुळगुळीत आलं होतं तेही. लेथवरून एखादा तुकडा पहिल्या फटक्यात असा चकचकीत उतरला, की जुना कारागीर आधी माप लावून बघतो, कारण एवढं सहज उतरलं म्हणजे कुठंतरी जास्त खाल्लं गेलं असणार. तिचं काही म्हणणं नाही. खोटं नव्हतं ते. कडूबाईचं कशालाच काही म्हणणं नसे. तिच्या आधी दोन पोरी जगल्या नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेली कडू, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. लहानपणी शेंगांचा वाटा करायचा असला तरी ती दोन्ही ढीग त्याच्यापुढं ढकलून बघत बसायची, तो कुठला उचलतो. तो मोठा उचलायचा. मग ती लहान उचलायची, आणि खाता खाता त्यातल्याही त्याला द्यायची. मग तिचं लग्न झालं, सुप्याकडं दिली. आणि दोन वर्षांत ती परत आली.

ही आठवण त्यानं आजवर कधी अख्खी काढली नव्हती. कोपरा दिसायचा, तेवढ्यावर तो दुसरीकडं वळायचा. आज वळायला जागा नव्हती. समोर भिंत, मागं बंद दार, आणि हातात न संपणारा चहा. चौदा वर्षं झाली असतील. तो तेव्हा नुकताच नगरला कामाला लागलेला, सुट्टीवर गेलेला, नवा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेला. आई सुपानं बाजरी पाखडत होती. उन्हाची वेळ. कडूबाई वाटेनं चालत आली, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, आणि चालणं असं की लांबून वाटावं पाहुणी आली. ती ओट्याखाली उभी राहिली. ट्रंक उतरवायला त्यानं हात दिला नाही, का दिला नाही ते आता आठवत नाही. सदरा नवा होता, हे आठवतं. आणि तो म्हणाला, "किती दिवस?" एवढंच. माहेरी आलेल्या बहिणीला सगळेच विचारतात. वाईट काय त्यात? त्याला काही माहीत नव्हतं, नवऱ्यानं दुसरी आणली हे त्याला संध्याकाळी कळलं. पण कडूबाई म्हणाली, "बघू," आणि आत गेली. आणि सूप थांबलं होतं. हे आज आठवलं. पाखडण्याचा तो सळसळ आवाज, त्याच्या प्रश्नावर मधेच तुटला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. मधल्या वेळात आई काय करत होती ते त्यानं बघितलं नव्हतं. त्याची पाठ होती तिच्याकडं.

चौदा वर्षांत कडूबाईनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही आणि त्यानंही पुन्हा विचारला नाही. तो सणाला जायचा, ती पुरण वाटायची. दुष्काळात मायलेकी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या, तेव्हा तो एकदा बघायला गेला. आई बाभळीच्या विरळ सावलीत बसलेली आणि कडूबाई दोघींची खडी फोडत होती, डोळ्यांत चूर जाऊ नये म्हणून पदर तोंडावर ओढून. त्याला बघून तिनं हातोडी खाली ठेवली आणि आधी पदर नीट केला. चल आई, नगरला चल, असं तो म्हणाला. चला, असं नाही; चल. एकटीलाच. आई म्हणाली, जाऊ की, पाऊस पडल्यावर जाऊ. त्याला वाटलं, म्हातारी हट्टी आहे. आता वाटलं, तिनं ऐकलं होतं. ऐकण्याच्या बाबतीत आईचं असं आहे की ती तेव्हा बोलत नाही. ती ठेवून देते, बियाण्यासारखं, राख लावून.

आत काय सांगत असेल ती? सूप थांबल्याचं सांगत असेल? वकिलासमोर, परक्या माणसासमोर? त्यानं मनात आपली बाजू मांडायला घेतली. मोतीबिंदू सांगितला, दरसालची लुगडी सांगितली, विहिरीचं पडलेलं तोंड स्वतः जाऊन बांधलं ते सांगितलं. पण सांगायला समोर कुणी नव्हतं, एक कोंबडी होती, ती एका डोळ्यानं ऐकत होती. आणि अशातच आतून हसणं आलं. आईचं. त्यानं ते आधी ओळखलंच नाही. दात गेल्यावरचं, हवा जास्त असलेलं, पोरीसोरी हसतात तसं लांबलेलं हसणं. वकीलही हसत होते. गहिनीनाथ बाकावर ताठ झाला. ती त्याच्यावरच हसत असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण हसण्याच्या सुरावरून कळत होतं की त्याचा तिथं काही संबंध नाही. आपली आई आपल्याशिवाय कुठंतरी आहे, चांगली आहे, हसते आहे, हे त्याला अडतिसाव्या वर्षी प्रथमच दिसलं, तेही बंद दारातून. आत कुठंतरी दुखलं. फार नाही. बरा होत आलेल्या जखमेला सदरा घासावा, तेवढं.

दार उघडलं आणि वकिलांनी त्याला आत घेतलं. आसारामनं लिहिलेला कागद टेबलाच्या कडेला सरकवलेला होता आणि मधे एक कोरा ताव अर्धा भरलेला. आईच्या कपाची बशीसुद्धा रिकामी होती. वकील त्याच्याशी बोलले ते मास्तरासारखं नाही, शेजारच्यासारखं. म्हणाले, तुम्ही कागद वाईट आणलेला नाही, चुकीचा आणलात. बक्षीसपत्र नोंदलं की जमीन आणि घर आजपासून तुमचं. उद्या सकाळी यांनी उठून कडी काढायची ती तुमच्या दाराची. मी प्रत्येकाला हेच विचारतो, उद्या सकाळी कुणाच्या दाराची कडी काढाल. यांना कळल्यावर या हसल्या, म्हणाल्या, कडी न्हाईच आमच्या दाराला, लाकडी आडनाच हाय. यांना पाहिजे मृत्युपत्र. त्यात यांच्या हयातीत सगळं यांचं. मन बदललं तर कागद बदलता येतो. यांच्या मागं काय व्हायचं ते आत्ताच लिहून ठेवायचं, भांडायला कुणाला जागा राहू नये म्हणून. तुम्हालाही तेच पाहिजे ना? आणि मी हेही विचारून घेतलं, की दुखणं लागून पडल्या तर कुठं राहणार, दवाखान्याचं कोण बघणार. दवाखान्याला तुम्ही, असं म्हणाल्या. राहणार गावात.

गहिनीनाथाला यातलं बरंचसं कळलं, पण तो आईकडं बघत होता. शेवटी जे नको होतं तेच तोंडातून आलं.

"म्हणजे माझा भरवसा नाही तुला."

"गैन्या, भरवसा नसता तर म्या गाडीतच बसले नसते," आई म्हणाली. "जमीन तुलाच हाय. ती कुटं वर न्याची हाय मला? पन आज दिली, तर उद्यापासनं मी तुज्या घरात पावनी. आन कडू माज्या घरात ऱ्हाती, मग ती कुनाची पावनी? पावन्याची पावनी व्हती व्हय कुटं? आन बक्षीस म्हनं. बक्षीस कुस्ती जितल्यावर देत्यात. तू कोनती मारलीस?"

वकील दाढीत हसले. गहिनीनाथ थांबून राहिला, आता ते येणार म्हणून. ओटा, ट्रंक, किती दिवस. आईनं नाकातली चमकी चाचपली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. त्यानं वकिलांच्या चेहऱ्यात शोधलं, आत सांगितलं गेलं का ते. वकिलांना त्याचं बघणं कळलं असावं. ते सावकाश म्हणाले, तुमच्याबद्दल त्या काही वाईट बोललेल्या नाहीत, तुम्ही लहानपणी भाकरीचा पापुद्रा कसा आधी खायचात ते मात्र दोनदा सांगितलं. गहिनीनाथाला वाटलं, वाईट बोलली असती तर सोपं झालं असतं. मग वाद घालता आला असता, लुगडी काढता आली असती, विहीर काढता आली असती. आता ते सगळं त्याच्याजवळच राहिलं, बाजारात घेऊन गेलेलं आणि न खपलेलं.

वकिलांनी नवा कागद वाचायला घेतला, पुन्हा त्याच शब्दागणिक चालीनं. चार एकर जमीन विहिरीसह मुलगा गहिनीनाथ यास. विहिरीलगतचे वीस गुंठे मुलगी कडूबाई हिने हयातीपर्यंत करून खावे. आणि 'राहते घर गहिनीनाथ याचे होईल, मात्र त्याने कडूबाई हिला तिच्या हयातीपर्यंत सदर घरात', इथं वकील पान उलटायला थांबले, 'राहू द्यावे.'

राहू द्यावे. खोलीत पंखा फिरत होता आणि त्याची एक पाती वाकडी असल्यानं दर फेऱ्याला टक् होत होतं. शब्द सरळ होते. न्याय्य होते. आई कबूल होती, वकिलांनी लिहिले होते, त्यात त्याचं काही जात नव्हतं, उलट घर त्याच्याच नावानं येत होतं. पण ते दोन शब्द त्याला बाजूला घेऊन गेले. त्याला पुढची वर्षं दिसली. आई नाही. कडूबाई म्हातारी. तो सणाला जातो, आणि ती उंबऱ्याच्या आत असूनही उंबऱ्याबाहेर असल्यासारखी उभी, पदर नीट करते. घरात बसायला, चूल सारवायला, भिंतीला खुंटी मारायला ती त्याच्याकडं बघते. तो 'हो' म्हणतो, रोज, प्रेमानं, आणि ते प्रेमसुद्धा दर वेळी देतोच आहे असं. कागदात लिहिलेलं असेल, की ह्यानं द्यावं. म्हणजे हा देणारा. ओट्यावर बसलेला. मरेपर्यंत ओट्यावरच बसलेला, पांढऱ्या सदऱ्यात. हे त्याला सहन होईना. कुणावर उपकार करायचा म्हणून नव्हे. त्याला त्या ओट्यावरून खाली उतरायचं होतं, आणि उतरायला दुसरी पायरी दिसत नव्हती.

"साहेब, ते काढा," तो म्हणाला.

वकिलांनी वर बघितलं. आईनंही. तिच्या चेहऱ्यावर भीती आली, अगदी थोडी, दुधावर साय धरते तेवढी, आणि ती बघूनच त्याला कळलं की सूप थांबलं होतं तेव्हा तिचा चेहरा कसा होता.

"राहू द्यावं नको," तो घाईनं म्हणाला. "मी कोण द्यायला? घर कडूबाईचं, असं लिहा. सरळ. तिच्या नावानं. तिनं मला राहू द्यावं, गेलो तर."

टक्, पंख्यानं केलं. वकिलांनी लगेच काही लिहिलं नाही. ते म्हणाले, तुमच्या म्हणण्यावरून मी लिहीत नसतो, घर यांचं आहे. आणि त्यांनी आईला सगळं पुन्हा सांगितलं, घर लेकीला दिलं तर काय होतं, लेकीच्या मागं कुणाकडं जातं, ती पुढं विकू शकते का. आई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माज्या मनात तेच हुतं. पन ल्येकाच्या तोंडावर कसं म्हनावं?" मग वकिलांनी त्या दोन ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात नवं लिहिलं. आईनं कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, कडूबाई कुटं लिवलंय. वकिलांनी दाखवलं. ती त्या चार अक्षरांकडं बघत राहिली, बरे केलेल्या डोळ्यानं. "बारकंच हाय की," म्हणाली.

अंगठा आज नाही, असं वकिलांनी सांगितलं. वाचल्या दिवशी अंगठा घ्यायचा नाही ही त्यांची रीतच होती. आठ दिवस कागद मनात फिरू द्यायचा. मग डॉक्टरांचा दाखला आणायचा की बाईंचं भान शाबूत आहे, दोन साक्षीदार आणायचे, पण ज्यांना कागदातून काही मिळतं त्यांच्यापैकी नकोत, आणि मग नोंदणीला जायचं. आणि कडूबाईंच्या कानावर घाला, ते म्हणाले, म्हातारं माणूस गेल्यावर कागदातून कळणं वेगळं आणि जितेपणी तोंडातून कळणं वेगळं. दारात हाजराबी उभ्या होत्या. बाकावरच्या त्याच्या कपाकडं त्यांनी बघितलं, मग त्याच्याकडं, आणि कप उचलून नेला.

माळीवाड्याच्या स्टँडवर आईला कर्जतच्या गाडीत बसवून त्याला कामावर जायचं होतं, दुपारच्या पाळीला. त्यानं खिडकीची जागा धरली, गाठोडं वर टाकलं, आणि म्हणाला, कडूला सांग सगळं नीट. आई म्हणाली, "मी न्हाई सांगायची. माज्या तोंडनं ती म्हनंल, आय म्हनती, मायेनं म्हनती. तू सांग." कधी सांगू, सणाला येतोच आहे, असं तो म्हणेपर्यंत कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी हलली तेव्हा गहिनीनाथ आत होता. बाबाजान आज दोन मशिनी बघेल आणि उद्या शिव्या घालील, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि गेलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू उभा होता. दोन वर्षांनी असा उभा होता, कणसं धरून. आई खिडकीशी झोपली. तो वाक्यं जुळवत बसला. 'मी तुझ्यासाठी' अशी एक सुरुवात झाली, ती त्यानं टाकून दिली. 'मी ठरवलंय', तीही टाकली. मी नसलेलं वाक्य काही केल्या जुळेना. हिरा असती तर तिनं चुटकीसरशी करून दिलं असतं, आणि ते बोलता आलं नसतं. मिरजगाव गेलं, फाटा आला, दोघं उतरली. आई म्हणाली, तू हो पुढं, मी येते पाय वडीत.

खालच्या अंगाच्या रानात कडूबाई काढणीला लागली होती. उन्हं कलली होती. कामाच्या निळ्या कपड्यातला, सण नसताना, एकटा येणारा भाऊ तिनं बांधावरून बघितला, आणि तिच्या हातातली पेंढी सुटली.

"आये बरी हाय न्हवं, दादा?"

बरी आहे, त्यानं सांगितलं, मागनं येते आहे. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य जवळ नव्हतं. शाळूची पानं एकमेकांना घासत होती. "कडे," तो म्हणाला, "जरा बोलायचं हुतं. बसून."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. मग पदरानं बांधावरची ढेकळं झाडली, बसली, आणि जराशी सरकली. त्याच्यापुरती जागा झाली.